आमचे जाकीट

मनुष्याच्या पोशाखात जाकिटाइतके निरर्थक वस्त्र दुसरे नाही, असे आमचे अगदी परवापर्यंत प्रामाणिक मत होते. धोतराने लज्जारक्षण होते. टोपीने डोके व डोक्यातील उणीव ही दोन्ही झाकतात. उपरण्याने घाम पुसता येतो, वारा घेता येतो आणि वेळप्रसंगी मंडईतून भाजीही बांधून आणता येते. जाकिटाचे काम कोणते? थंडीपासून संरक्षण म्हणावे, तर पुण्याची पौषातली थंडी ज्या दंडांना आधी झोंबते ते दंडच ते उघडे टाकते. ऐट म्हणावी, तर कोटाखाली घातल्यावर त्याचा दिसणारा भाग चार बोटांहून अधिक नसतो. खिसे म्हणावे, तर ज्या साखळीच्या घड्याळासाठी त्यातला मुख्य खिसा जन्मास आला ते घड्याळ आता जुन्या बाजारात फडक्यावर मांडलेले दिसते. आणि त्याच्या जागी मोबाइल कोंबला, तर छातीच्या एका अंगास गळू झाल्याचा भास होतो.

या वस्त्राचे नावही असेच संशयास्पद आहे. इंग्रजीत जॅकेट म्हणजे बाह्यांचे वस्त्र. तो शब्द मराठीत यावयास निघाला तेव्हा वाटेत कोठे तरी त्याच्या बाह्या गळून पडल्या, आणि जे उरले त्यास आपण जाकीट म्हणू लागलो. एरवी बिनबाह्यांचे वस्त्र आपल्याकडे नवे नव्हते. बंडी होतीच. परंतु बंडी ही घरची आणि जाकीट हे दाराबाहेरचे. गणपतीची वर्गणी मागावयास आलेली मुले बंडीवर दार उघडणाऱ्या गृहस्थाशी एका स्वरात बोलतात आणि जाकीट घालून दार उघडणाऱ्याशी दुसऱ्या स्वरात, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. दुसऱ्या स्वरात वर्गणीचा आकडाही मोठा असतो.

असो. या निरर्थक वस्त्राशी आमचा संबंध आला तो नातीच्या लग्नामुळे. हल्लीच्या लग्नांत वधूवरांच्या पत्रिका जुळल्या नाहीत तरी चालते, पण दोन्हीकडच्या मंडळींचे रंग जुळावे लागतात. नातीचे फर्मान निघाले की, सीमांतपूजनाच्या दिवशी घरातील यच्चयावत् पुरुषांनी झब्ब्यावर जाकीट घालावे. "आजोबा, तुम्ही सुद्धा!" हे शेपूट आमच्यासाठी खास जोडलेले होते. आम्ही उभ्या आयुष्यात जाकीट घातले नव्हते. का घातले नव्हते, हे आम्हांस कोणी विचारले नाही, आणि आम्हीही ते आपण होऊन सांगितले नाही.

लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानात सौभाग्यवतींसह गेलो. दुकानातील मुलाने आमच्यापुढे पंधरावीस जाकिटे पसरली. पिस्त्याच्या रंगाचे, डाळिंबी, जरीचे, खादीचे, खादीसारखे दिसणारे. "काका, नेहरू दाखवू की मोदी?" असे त्याने विचारले. आम्ही दोन्ही मागितली, आणि दोहोंत काय फरक तो अर्धा तास शोधीत बसलो. बंद गळा, पाच बटणे, छातीवर एक व खाली दोन खिसे. प्रजा तीच, राजा तेवढा बदललेला! २०१८ साली दिल्लीहून दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांना, मून जे-इन यांना, अशी काही जाकिटे भेट म्हणून गेली. त्यांनी मोठ्या कौतुकाने त्यांचा उल्लेख 'मोदी जाकीट' असा करताच इकडे हे नाव खरे की ते नाव खरे, यावर रण माजले होते. शिंप्याचे नाव मात्र दोन्ही पक्षांपैकी कोणासही सुचले नाही.

कपड्याच्या पाठीमागे माणूस उभा असतो, हे मात्र पुणेकरांस कोणी शिकवावयास नको. पगडी, अंगरखा आणि उपरणे एवढे नुसते रेखाटले, आत चेहरा घातला नाही, तरी टिळक ओळखू येतात. आणि १९३२ च्या सप्टेंबरात येथल्याच येरवड्याच्या तुरुंगात जो करार झाला, त्यातील दोन पुरुषांचे पोशाख आठवावे. एकाने १९२१ साली मदुरेस अंगरखा-टोपी टाकून पंचा पत्करलेला. दुसरा निष्कलंक विलायती सुटात. देशातल्या दरिद्री माणसाशी आपले नाते काय, हे एकाने कपडे उतरवून सांगितले. ज्यांना अंगभर नीटनेटके वस्त्र घालण्याचीच बंदी होती त्यांच्यात जन्मून दुसऱ्याने ते कपडे चढवून सांगितले. बाबासाहेबांच्या कोटाला जे कोणी केवळ साहेबी थाट समजले, त्यांना वस्त्राची किंमत कापडाच्या गजावर ठरते असे वाटत असावे.

दुकानातले एकही जाकीट आम्हांस पसंत पडले नाही. कारण विचारताच आमच्या तोंडून निघून गेले की, "यांची पाठसुद्धा त्याच कापडाची आहे!" दुकानातला मुलगा चकित झाला. ही तक्रार त्याने प्रथमच ऐकली असावी. सौभाग्यवती मात्र चकित झाल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, सासूबाईंच्या ट्रंकेत मामंजींचं एक आहे ना?"

आमची तक्रार समजण्यासाठी जाकिटाच्या कुळात थोडे डोकावले पाहिजे. ज्याची जन्मतिथी जवळजवळ नेमकी सांगता येते अशी वस्त्रे थोडी. जाकीट त्यांपैकी एक. १६६६ च्या ऑक्टोबरात, लंडन शहर जळून जेमतेम महिना झाला असता, राजा दुसरा चार्ल्स याने आपण यापुढे अमुक एका धर्तीचा पोशाख करणार असे जाहीर केले, आणि सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने ते टिपून ठेवले. दुसरा रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने त्या पोशाखास इराणी वळणाचा म्हटले आहे. म्हणजे साहेबाने आपणांस जे दिले, ते त्याने आपल्याच बाजूच्या शेजाऱ्याकडून नेलेले होते. प्रथम ते गुडघ्यापर्यंत लांब होते. पुढे आखडत कमरेशी आले. त्यावर कोट कायमचा बसला, पाठ दिसेनाशी झाली, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च कोण करतो? तेव्हा पुढे लोकर, मागे अस्तराचे स्वस्त चकचकीत कापड, व ते आवळावयास एक पट्टा आणि बक्कल, अशी त्याची घटना ठरून गेली. शेवटचे बटण लावू नये हा दंडक राजा सातवा एडवर्ड याच्या वाढत्या पोटाने घालून दिला असे सांगतात. आमच्या वयाच्या पुरुषांनी या कथेवर विश्वास ठेवणे सोयीचे आहे.

तात्पर्य, खरे जाकीट हे फक्त पुढून वस्त्र असते. ते घालणाऱ्याने जगाकडे तोंड करून उभे राहावे, किंवा वर कोट घालावा. आमच्या वडिलांपाशी कोट नव्हता आणि ते शाळामास्तर होते. मास्तराचा निम्मा धंदा फळ्याकडे तोंड करून, म्हणजे वर्गाकडे पाठ करून चालतो.

पूर्वी त्यांच्यापाशी कोट होता. काळा कोट, काळी टोपी, धोतर, आणि कोटाखाली करड्या लोकरीचे जाकीट. ते कानपूरच्या लाल इमली गिरणीच्या कापडाचे आहे, हे अण्णा पाहुण्यांस सांगत तेव्हा आमची छाती फुगत असे. आम्ही नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्याच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्याचेही गेले, आणि सकाळी ज्या लकडी पुलावरून लोक पाणी बघत उभे होते तो पूल पाण्याखाली दिसेनासा झाला. आम्ही पर्वतीवर होतो. तेथून आपले गाव बघण्यात त्या दिवशी मौज वाटली, हे अकराव्या वर्षी क्षम्य असावे. अण्णांचा कोट त्या वेळी परटाकडे धुवावयास दिलेला होता. परटाचे दुकानच धुऊन गेले. तीन दिवसांनी आम्हां भावंडांस साताऱ्यास मावशीकडे धाडण्यात आले. घरात काय राहिले असे मावशीने विचारले तेव्हा आई म्हणाली, "काही नाही. माणसं राहिली."

दिवाळीनंतर परत आलो तेव्हा अण्णा शाळेत एक जाकीट घालून जाऊ लागले होते. पण ते आमचे करडे जाकीट नव्हते. हे चांगले काळपट होते, आणि त्याचे काही तरी चुकले होते. काय चुकले ते आम्हांस कळले नाही. आमच्या वर्गातील एका चौकस मुलास कळले. पुरुषांच्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येते. यात उजवी डावीवर येत होती. खिसाही उजव्या छातीवर होता. म्हणजे हे जाकीट बायकी! पुरानंतर गावोगावच्या दयाळू लोकांनी जुन्या कपड्यांचे ढीग पुण्यास पाठविले होते, हे सर्वांस ठाऊक होते. कोणा मडमेचे किंवा बाईसाहेबांचे जाकीट त्या ढिगातून आमच्या वडिलांच्या वाट्यास आले, हे अनुमान त्या मुलाने भूमितीच्या तासाला मागच्या बाकापर्यंत पोहोचविले. त्याच क्षणी अण्णांनी प्रमेय मांडण्यासाठी फळ्याकडे तोंड केले, आणि त्यांच्या पाठीवरचे चकचकीत अस्तर व बक्कल सबंध वर्गाला दिसले. वर्ग हसला.

आम्हीही हसलो. वाचकहो, न हसता मान खाली घातली असे येथे लिहिता आले असते, आणि ते खोटे ठरवावयास आज कोणी हयात असेल असे वाटत नाही. परंतु आम्ही हसलो, आणि आपला या मास्तरांशी काही संबंध नाही असे भासविण्यासाठी इतरांपेक्षा अंमळ मोठ्यानेच हसलो. अण्णा वळले. त्यांची नजर सगळ्या वर्गावरून फिरली आणि आमच्यावर थांबली नाही. थांबली असती तर बरे झाले असते. त्या दिवसापासून ते वर्गात येताना पुस्तक छातीशी धरून येऊ लागले. फळ्यावर लिहितानाही डावा हात पुस्तकासह छातीवर असे आणि ते अर्धे आमच्याकडे वळून, वाकड्या अंगाने लिहीत. त्यांची अक्षरे त्यामुळे उतरत्या ओळीत येत. हे जाकीट त्यांनी आणखी बारा-तेरा हिवाळे वापरले. घरात त्याचा विषय कधी निघाला नाही.

ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि सर्वांत खाली ते सापडले. आम्ही ते अंगावर घालून पाहिले. दोन्ही कडांत तीन बोटांचे अंतर राहिले. अण्णा इतके कृश होते हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. पाठीचे अस्तर हात लावताच फाटले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मास्तरांकडे दाखवा." शिंप्यालाही आपण मास्तरच म्हणतो, याचा तोवर आम्ही कधी विचार केला नव्हता.

रविवार पेठेत कापडगंजाजवळच्या एका बोळात हे मास्तर बसतात. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गळ्यात टेप. आम्ही जाकीट पुढे केले आणि आधीच सांगून टाकले की, "हे बायकांचं आहे, पण आमच्या वडिलांचं आहे." मास्तरांनी ते पालथे केले, काजांवरून अंगठा फिरविला, मुंढ्याची शिवण उजेडाकडे धरली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "बायकांचं कुठलं, साहेब? हे उलटवलेलं आहे."

उलटविणे म्हणजे काय, हे त्यांना आम्हांस समजावून सांगावे लागले. लोकरीचे कापड महाग. वरची बाजू विटली किंवा डागाळली म्हणून ते टाकून देणे मध्यम स्थितीच्या माणसाला परवडत नसे. मग शिंपी सबंध कपडा उसवी, कापडाची आतली कोरी बाजू वर घेई आणि पुन्हा शिवी. कोट उलटवीत, जाकिटे उलटवीत. मास्तरांच्या वडिलांच्या दुकानात हिवाळ्याच्या तोंडाला अशी कामे रांगेने येत. "पण एक होतं बघा. कापड पालथं केलं की डावा भाग उजवीकडे जातो. काजं एकदा कापली ती कापलीच. तीही पलीकडे जातात. खिसाही जातो. काजं रफू करून दुसरीकडे नवी पाडता येतात, पण त्याचे पैसे वेगळे. यांनी ते काम करून घेतलेलं नाही."

आम्ही काहीच बोललो नाही. मास्तरांनी विचारले, "आतून बघायचं का?" आणि उत्तराची वाट न पाहता पात्याच्या टोकाने पुढच्या अस्तराचे टाके एकामागून एक सोडविले. आत करडे कापड होते. तेच ते, लाल इमलीचे. त्याच्या मधोमध, खिशाच्या जागेपासून बगलेपर्यंत, एक मातकट रेघ आडवी गेली होती. रेघेच्या खाली सगळा रंग चहाच्या गाळासारखा, वर तो मूळचा करडा. माडीवरच्या खोलीत खुंटी कोठे होती हे आम्हांस अजून आठवते. पाणी तेथवर आले आणि जाकीट निम्मे बुडाले असता थांबले.

अण्णा त्या चिखलात परत केव्हा गेले, हे जाकीट खुंटीवरून त्यांनी काढले की आईने, उलटविण्याची मजुरी कोठून आणली, आणि काजांचे पैसे वेगळे पडतील असे शिंप्याने सांगितल्यावर ते किती वेळ दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, हे आता विचारावयास कोणी नाही. ज्या जाकिटाविषयी आम्ही फुशारकी मारीत होतो तेच हे आहे, असे एका वाक्यात ते आम्हांस सांगू शकले असते. ते त्यांनी का सांगितले नाही याची पाचसहा कारणे आम्ही त्या दिवसापासून योजून पाहिली आहेत. त्यांतल्या एकाही कारणाने आमचे हसणे कमी होत नाही.

मास्तर धंद्याच्या गोष्टीकडे वळले. अंगाला लहान होते याची त्यांना मुळीच चिंता वाटली नाही. "जाकिटाचं हेच बरं असतं. पाठ अस्तराचीच, रुंद कापली की झालं. पुढच्या कापडाला हात लावावा लागत नाही." त्यांनी माप घेतले. तीन इंच वाढवावे लागणार होते. बक्कल जुनेच ठेवावे असे ठरले. बटणांपैकी एक नव्हते. डब्यात अर्धा तास शोधून त्यांनी त्याच्या जवळपास जाणारे दुसरे काढले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो येणार हे आम्हांस ठाऊक होते. "काजं बदलून डावीकडे घेऊ का? हल्ली मशिनीनं होतं. फार खर्च नाही."

आम्ही नको म्हणालो.

"आणि हा डाग? ड्रायक्लीनला दिला तर निघेल बहुतेक."

तोही राहू द्या म्हणालो. त्यांनी आमच्याकडे चष्म्याच्या वरून एकदा पाहिले व पावती फाडली. मजुरी त्यांनी रास्त घेतली. आम्ही घासाघीस केली नाही, याचे सौभाग्यवतींस घरी आल्यावर फार आश्चर्य वाटले.

नातीला ते जाकीट पसंत पडले नाही. बाकीचे सगळे पिस्त्याच्या रंगात आणि आजोबा मध्येच काळपट, यामुळे तिचे चित्र बिघडत होते. पण मुलगी समजूतदार आहे, तिने आमची जागा शेवटच्या रांगेत नेमून दिली. मार्गशीर्षातली बोचरी संध्याकाळ होती आणि कार्यालयाचे पटांगण उघडे होते. जाकीट दंडांचे रक्षण करीत नाही हे आमचे मत कायम आहे; छाती मात्र खरोखरच ऊब धरून होती. वरपक्षाकडील एका चुणचुणीत मुलाने आमच्या बटणांकडे पाहून शेजारच्या मुलाच्या कानात काही तरी सांगितले. दोघे हसले. शेजारचा आमच्याच पुतण्याचा मुलगा होता.

छायाचित्रकाराने सगळ्यांस उभे केले, पुढच्यांना बसविले, उंचांना मागे घेतले. एक छायाचित्र काढले, यंत्रात पाहिले आणि मान हलविली. "शेवटच्या रांगेतले काका," तो ओरडला, "छातीवरचा हात खाली घ्या जरा!"

हात तेथे केव्हा गेला ते आम्हांस कळले नव्हते. तो आम्ही खाली घेतला.